निजण्याच्या खोलीची खिडकी : किती मोठी, किती उंचीवर आणि आतून कशी उघडणारी

विदर्भातल्या खेड्यात नवे घर बांधायला काढले की पहिली चर्चा स्लॅबची होते, दुसरी दाराच्या चौकटीची होते आणि खिडकीचा विषय निघेपर्यंत पैसे संपत आलेले असतात. मग वेल्डिंगवाल्याकडे तयार पडलेली तीन बाय तीनची लोखंडी खिडकी, जिच्या चौकटीत गज आधीच पक्के जोडलेले असतात, ती आणून ज्या भिंतीत सोयीची पडेल त्या भिंतीत बसवली जाते. उन्हाळ्यात तिच्यासमोर कुलर उभा राहतो. दिवाळीनंतर भावाची वाट पाहणारा कापूस त्याच खोलीत येतो आणि त्याचा ढीग खिडकीच्या निम्म्यापर्यंत चढतो. घरातली माणसे मात्र त्याच खोलीत निजतात, आणि रात्री दाराच्या बाजूने आग लागली तर त्यांना बाहेर पडायला दुसरी वाट राहत नाही. तालुक्याच्या ठिकाणाहून अग्निशमनाची गाडी निघून गावात पोहोचेपर्यंत जो वेळ जातो, त्या वेळात माणसांना स्वतःच बाहेर यावे लागते. ही दुसरी वाट घर बांधताना कशी ठेवायची आणि जुन्या घरात नंतर कशी काढायची, ते पुढे क्रमाने मांडले आहे.

नियमात काय आहे

आपल्याकडच्या बांधकामाच्या नियमांत खोली राहण्यायोग्य केव्हा मानायची, हे सांगितलेले आहे. २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेनुसार, जिला अभियंते एनबीसी म्हणतात, घरात एकच खोली असेल तर ती किमान ९.५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे १०२ चौरस फूट असावी आणि तिची रुंदी २.४ मीटरपेक्षा कमी नसावी. दोन खोल्या असतील तर दुसरी ७.५ चौरस मीटरची आणि २.१ मीटर रुंदीची चालते. उंची २.७५ मीटर, म्हणजे साधारण नऊ फूट हवी. कवेलूचे किंवा टिनाचे उतरते छप्पर असेल तर सरासरी उंची तेवढी धरतात आणि वळचणीकडची बाजू २.१ मीटरपेक्षा खाली येऊ नये, असे संहिता सांगते.

खिडक्यांचे माप खोलीच्या जमिनीच्या क्षेत्रफळावरून ठरते. दारे वगळून सर्व खिडक्या-झरोक्यांचे मिळून क्षेत्रफळ उष्ण आणि कोरड्या हवामानात खोलीच्या एक दशांश, उष्ण आणि दमट हवामानात एक षष्ठांश आणि मधल्या हवामानात एक अष्टमांश असावे, असा हा हिशेब आहे. आपला भाग मे महिन्यात भट्टीसारखा कोरडा असतो आणि जुलै-ऑगस्टमध्ये अंगाला चिकटणारा दमट होतो, त्यामुळे एक दशांशावर न थांबता एक अष्टमांश धरावा, असे माझे मत आहे. गडचिरोली, गोंदिया, भंडारा या जास्त पावसाच्या पट्ट्यात जमल्यास त्याहूनही थोडे अधिक ठेवावे.

या नियमातली एक ओळ बहुतेक मिस्त्री विसरतात. खिडकीचा काही भाग कायमचा बंद असेल तर जो भाग उघडतो तेवढाच मोजायचा असतो. हल्ली गावातही सरकत्या काचेच्या खिडक्या येऊ लागल्या आहेत. दोन पट्ट्यांची सरकती खिडकी चार बाय चार फुटांची असली तरी एका वेळी तिची अर्धीच बाजू उघडते, म्हणून १६ चौरस फुटांऐवजी आठच हिशेबात येतात. दहा बाय बाराच्या खोलीला एक अष्टमांशाने १५ चौरस फूट लागतात. पल्ल्यांची चार बाय चारची खिडकी तेवढी जागा देते, तर त्याच मापाची सरकती खिडकी निम्म्यावर राहते.

खिडकी मोकळ्या हवेत किंवा फार रुंद नसलेल्या उघड्या ओसरीत उघडली पाहिजे, हीही अट आहे. संहितेत ओसरीची ही मर्यादा २.४ मीटर आहे. दुसऱ्या खोलीत, धान्याच्या कोठीत किंवा बंद गोठ्यात उघडणारी खिडकी या हिशेबात धरत नाहीत.

संहिता ही मार्गदर्शक आहे. स्थानिक नियमावलीने ती स्वीकारली की तिचे बंधन येते. गावठाणात घर बांधायचे असेल तर १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५२ प्रमाणे पंचायतीची आधी परवानगी घ्यावी लागते. अर्जासोबत नमुना आठचा उतारा, म्हणजे पंचायतीच्या घरपट्टीच्या नोंदीची नक्कल, आणि घराचा नकाशा जोडताना त्याच नकाशात प्रत्येक खिडकीचे माप आणि ती कोणत्या बाजूला उघडते, हे लिहून द्यावे, म्हणजे पुढे मिस्त्री बदलला तरी माप बदलत नाही. शेतजमिनीत घर असेल तर परवानगीचा प्रश्न वेगळा असतो आणि त्याची चौकशी तहसील कार्यालयात करावी.

सुटकेच्या खिडकीचे माप

वरचे सगळे माप उजेडाचे आणि वाऱ्याचे झाले. खिडकीतून माणूस बाहेर पडावा यासाठी नेमका आकडा हवा असेल तर बाहेरच्या देशांचे नियम उपयोगी पडतात. ते आपल्यावर बंधनकारक नाहीत, पण माणसाचे अंग सगळीकडे सारखेच असल्याने त्यांची मापे आपल्या भिंतीलाही लागू पडतात.

अमेरिकेतल्या घरांच्या संहितेत निजण्याच्या प्रत्येक खोलीला थेट बाहेर उघडणारी सुटकेची एक खिडकी किंवा एक दार लागते. खिडकी पूर्ण उघडल्यावर मिळणारी मोकळी जागा ५.७ चौरस फूट हवी. बाहेरची जमीन खिडकीच्या जवळपास असेल तर पाच चौरस फूट चालते. रुंदी २० इंचांपेक्षा आणि उंची २४ इंचांपेक्षा कमी चालत नाही. खिडकीची खालची कड आतल्या फरशीपासून ४४ इंचांपेक्षा वर नसावी. सर्वांत महत्त्वाची अट अशी की ती आतून किल्ली किंवा कोणतेही हत्यार न वापरता उघडली पाहिजे. गज असतील तर ते गजही तसेच उघडले पाहिजेत. इंग्लंडच्या मार्गदर्शक नियमात मोकळी जागा ०.३३ चौरस मीटर, कोणतीही बाजू किमान ४५० मिलिमीटर आणि खालची कड ११०० मिलिमीटरपर्यंत, अशी थोडी सैल मापे आहेत.

येथे एक गफलत नेहमी होते. किमान रुंदी २० इंच आणि किमान उंची २४ इंच, म्हणून २० बाय २४ ची खिडकी पुरेल, असे वाटते. गुणाकार केला तर ४८० चौरस इंच होतात, म्हणजे साडेतीन चौरस फूटही भरत नाही. रुंदी २० ठेवायची असेल तर उंची ४१ इंच लागते, आणि उंची २४ ठेवायची असेल तर रुंदी साडेचौतीस इंच लागते. धुराने गुदमरलेला माणूस, कडेवर मूल घेतलेली बाई किंवा गुडघे दुखणारी आजी यांना बाहेर काढायचे असेल तर मोठाच आकडा धरावा, आणि तो धरायला लोखंडाचा खर्च फारसा वाढत नाही.

आमच्या घरची खिडकी चार बाय चार फुटांची आहे. चौकटीची जाडी वगळून तिची एक बाजू उघडली की २१ इंच रुंद आणि ४३ इंच उंच जागा मिळते, म्हणजे सहा चौरस फुटांहून थोडी जास्त. तिची कड फरशीपासून अडीच फुटांवर आहे. पूर्वी त्याच जागी पक्के गज होते. ते कापून एक बाजू बिजागरीवर घेतली, तेव्हा घरातल्या प्रत्येकाला तिच्यातून एकदा बाहेर जायला लावले. माप कागदावर बरोबर असूनही आईला कड चढताना आधार लागला, म्हणून आत एक कायमचा लाकडी पाट ठेवला.

उघडणारे गज कसे करावेत

गज काढून टाका, असे मी कोणालाही सांगणार नाही. उन्हाळ्यात रात्रभर खिडकी उघडी ठेवावी लागते, चोराची भीती असते, आणि माकडांचा उपद्रव असलेल्या गावांत गजांशिवाय निभत नाही. गज हवेतच, फक्त त्यांचा एक भाग दाराप्रमाणे आतून उघडला पाहिजे.

वेल्डिंगवाल्याला काम देताना पुढील गोष्टी कागदावर लिहून द्याव्यात. खिडकीच्या रुंदीचा निम्मा भाग आणि पूर्ण उंची एवढी वेगळी जाळी करावी. तिची चौकट २५ मिलिमीटरच्या अँगलची आणि गज १२ मिलिमीटर जाडीचे असावेत, व दोन गजांत चार इंचांपेक्षा जास्त अंतर ठेवू नये, नाहीतर लहान मुलाचे डोके अडकते. एवढ्या जाळीचे वजन दहा-बारा किलो भरते, म्हणून दोन बिजागऱ्यांवर न भागवता चार इंची तीन बिजागऱ्या लावाव्यात आणि त्यांच्या पिना वरून वेल्ड करून घ्याव्यात, म्हणजे बाहेरून पिन ठोकून जाळी उतरवता येणार नाही.

जाळी कोणत्या बाजूला उघडावी, हा प्रश्न आधीच सोडवावा लागतो. आपल्याकडे पल्ले बहुधा बाहेर उघडतात आणि गज चौकटीत आतल्या अंगाला असतात. अशा वेळी जाळी आत उघडते, आणि तिच्या वाटेत पलंग, कपाट किंवा धान्याचे पोते आले तर ती अर्धवटच उघडते. त्यामुळे खिडकीसमोर किमान तीन फूट जागा मोकळी ठेवावी. भिंतीच्या बाहेर पेटीसारखी जाळी लावलेली असेल तर तिची एक बाजू बाहेर उघडणारी करावी.

आता कडीबद्दल, कारण सगळी सुरक्षा शेवटी कडीपाशी येऊन थांबते. कुलूप लावू नये. किल्ली खिळ्याला टांगून ठेवतो, असे लोक म्हणतात. पण खोलीत धूर भरला की हातभर अंतरावरचा खिळाही दिसत नाही, आणि घाबरलेल्या माणसाच्या हातून किल्ली हमखास खाली पडते. त्याऐवजी वर एक आणि खाली एक अशा दोन सरकत्या कड्या लावाव्यात. बाहेरून हात घालून कोणी कडी काढेल, ही शंका रास्त आहे. तिच्यावरचा उपाय म्हणजे कडीभोवती तीन बाजूंनी जाड पत्र्याची पेटी वेल्ड करून घेणे, जिच्यात हात फक्त आतल्या बाजूनेच जातो. वरची कडी घरातल्या सर्वांत लहान जाणत्या मुलाच्या हाताला पोहोचेल एवढ्याच उंचीवर असावी.

डासांची जाळी हवीच, विशेषतः गडचिरोलीसारख्या हिवतापाच्या भागात. मात्र ती लाकडी पट्ट्या ठोकून पक्की करू नये. वेगळ्या चौकटीत बसवावी किंवा चिकटपट्टीने लावावी, म्हणजे एका हिसक्यात निघते.

कुलर आणि कापूस

कुलर हा आपल्या उन्हाळ्याचा आधार आहे, आणि बहुतेक घरांत तोच सुटकेची वाट अडवतो. एकच खिडकी असलेल्या खोलीत कुलर खिडकीत बसवला, उरलेल्या फटी पुठ्ठ्याने बुजवल्या आणि गारवा जाऊ नये म्हणून दारही लावून घेतले, तर खोलीत ओलसर हवा साचत जाते आणि पहाटेपर्यंत घामाने जीव नकोसा होतो. कुलर ओली हवा आत ढकलत असतो, तेवढीच हवा दुसऱ्या वाटेने बाहेर गेली तरच गारवा टिकतो. म्हणून कुलर एका भिंतीत आणि उघडी खिडकी समोरच्या किंवा शेजारच्या भिंतीत, अशी मांडणी करावी. ती दुसरी खिडकी कुलरची हवा बाहेर सोडते आणि प्रसंगी माणसालाही. दोन खिडक्यांचा खर्च जास्त वाटणाऱ्यांना मी हेच सांगतो की दुसरी खिडकी वर्षातले चार महिने रोज रात्री उपयोगी पडते.

कुलरची खिडकी तीन बाय चार फुटांची पुरते आणि ती सुटकेच्या हिशेबात धरू नये. लोखंडी कुलरला अर्थिंग नीट हवी आणि घराच्या बोर्डात ३० मिलिअँपिअरचा गळती-रक्षक स्विच बसवलेला असावा, कारण ओल्या फरशीवर उभे राहून कुलरला हात लावणे आपल्या भागात जिवावर बेतते.

कापसाचा प्रश्न अधिक अवघड आहे, कारण तो गरिबीशी आणि बाजारभावाशी जोडलेला आहे. वेचलेला कापूस भाव चढेपर्यंत ठेवायला वेगळी कोठी सगळ्यांकडे नसते. तरीही तो निजण्याच्या खोलीत ठेवू नये, एवढे मी आग्रहाने सांगेन. कापसाचा विस्तव वरून दिसत नाही. ठिणगी ढिगाच्या आत धुमसत राहते, वरचा थर विझवल्यावर तास-दोन तासांनी पुन्हा पेटते, आणि ज्वाळेआधी खोलीत दाट धूर भरतो. झोपलेल्या माणसाला जाग येण्याआधीच धूर त्याला बेशुद्ध करतो. दुसरी जागाच नसेल तर ढीग दार आणि सुटकेची खिडकी सोडून तिसऱ्या भिंतीला लावावा, पलंगापासून खिडकीपर्यंत तीन फुटांची वाट मोकळी ठेवावी, विजेचा बोर्ड आणि मोबाइलचे चार्जर त्या भिंतीवर नसावेत, आणि त्या खोलीत दिवा, उदबत्ती, विडी यांना पूर्ण मनाई असावी. तुरीच्या कुटाराला आणि रिकाम्या बारदानालाही हेच लागू आहे. फवारणीच्या औषधांचे डबे निजण्याच्या खोलीत कोणत्याही कारणाने ठेवू नयेत.

हिवाळ्यात पेटत्या कोळशाची शेगडी घेऊन दार-खिडक्या बंद करून निजणेही तितकेच घातक आहे. शेगडीतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो.

जुन्या भिंतीत खिडकी काढायची असेल तर

आधी जागा निवडावी. सुटकेची खिडकी दाराच्या भिंतीत असू नये, समोरच्या किंवा शेजारच्या भिंतीत असावी, कारण दारापाशी आग असेल तर त्याच भिंतीतली खिडकीही उपयोगाची राहत नाही. पश्चिमेची भिंत दुपारच्या उन्हाने तापते, म्हणून शक्य असल्यास उत्तर किंवा पूर्व निवडावी आणि वर दीड-दोन फुटांचा छज्जा द्यावा.

खिडकी आपल्याच जागेत उघडली पाहिजे. गावठाणात भिंतीला भिंत लागून घरे असतात आणि शेजाऱ्याच्या अंगणाकडे काढलेल्या खिडकीवरून भांडणे पिढ्यान्‌पिढ्या चालतात. १८८२ च्या सुविधाधिकार अधिनियमानुसार खिडकीतून येणाऱ्या उजेड-वाऱ्याचा हक्क सलग २० वर्षे निर्वेध उपभोगल्यावर पक्का होतो. त्याआधी शेजाऱ्याने आपल्या जागेत भिंत उभी केली तर तक्रार करायला फारसा आधार राहत नाही. शिवाय उजेडाचा हक्क मिळाला तरी त्याच्या अंगणात उतरण्याचा हक्क त्यात येत नाही. नवे घर असेल तर मागे किमान तीन फुटांची मोकळी पट्टी सोडावी आणि तिथे सरपण रचू नये.

नऊ इंची विटांच्या भिंतीत काम करताना कोपऱ्यापासून दोन फूट तरी सोडावे. छताला आतून टेकू द्यावेत. खिडकीची जागा आधी पोकळ करून नंतर लिंटल, म्हणजे खिडकीच्या वरच्या भिंतीचे वजन पेलणारी आडवी तुळई, टाकण्याची घाई करू नये. प्रथम लिंटलपुरती आडवी खाच फोडावी, तीत दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच भिंतीवर टेकणारे लिंटल बसवावे, वरची फट सिमेंटने गच्च भरावी, आठवडाभर पाणी मारावे, आणि मगच खालचा भाग काढावा. लिंटल जमिनीवर आधी ओतून पुरेसे पक्के झालेले असेल तर काम लवकर उरकते.

मातीच्या भिंतीची गोष्ट निराळी आहे. ती दीड-दोन फूट जाड असल्याने खिडकी बोगद्यासारखी होते आणि त्यातून सरपटत जावे लागते, म्हणून रुंदी ३० इंचांच्या खाली नेऊ नये आणि आतली बाजू तिरकी फाकवून घ्यावी. वर सागाची किंवा ऐनाची जाड तुळई दोन्हीकडे एक-एक फूट टेकवून घालावी. धाब्याच्या घरात छतावरच्या मातीचे वजन फार असते, तिथे जाणत्या गवंड्याशिवाय भिंतीला हात लावू नये.

बाहेरचा उतार विसरू नये. जोते दोन फुटांचे आणि कड अडीच फुटांवर असेल तर बाहेरच्या जमिनीपर्यंत साडेचार फुटांची उडी होते, जी म्हाताऱ्या माणसाला झेपत नाही. खिडकीखाली विटांचा दीड फूट उंच ओटा बांधला की उडी तीन फुटांवर येते आणि एरवी त्याच ओट्यावर भांडी वाळवता येतात.

घरकुल बांधणाऱ्यांसाठी

प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलात स्वयंपाकाच्या जागेसह किमान २५ चौरस मीटरचे घर बसते, म्हणजे सुमारे २७० चौरस फूट. या योजनेत घर ठेकेदाराने नाही, लाभार्थ्याने स्वतः बांधायचे असते, त्यामुळे खिडकी कुठे आणि किती मोठी ठेवायची, हे लाभार्थी ठरवू शकतो. सपाट प्रदेशात मिळणाऱ्या १ लाख २० हजार रुपयांत मोठी चैन होत नाही, हे खरे. पण लिंटलच्या पातळीवर काम येण्याआधी मिस्त्रीला खडूने भिंतीवर खिडकीची जागा आखून दाखवली तर विटा उलट वाचतात. एकाच खोलीत चूल आणि निजणे दोन्ही असतील तर चूल दारापाशी येते. म्हणून अशा घरात मागच्या भिंतीतली उघडणारी खिडकी मी सर्वांत आधी मागेन आणि पुढच्या भिंतीवरचा गिलावा पुढच्या वर्षावर ढकलेन.

काम झाल्यावर

खिडकी तयार झाली की एका रात्री वीज बंद करून घरातल्या प्रत्येकाने पलंगावरून उठावे, डोळे मिटून, भिंतीला हात लावत, वाकून खिडकीपर्यंत जावे, दोन्ही कड्या काढाव्यात आणि बाहेर यावे. धूर वर राहतो, खाली श्वास घेण्याजोगी हवा असते, म्हणून वाकून जाण्याची सवय मुलांना लावावी. बाहेर पडल्यावर सगळ्यांनी कुठे जमायचे, ते झाड किंवा हातपंप आधी ठरवावा, म्हणजे कोण आत राहिले ते लगेच कळते. ११२ किंवा १०१ ला फोन बाहेर आल्यावर करावा. वस्तू आणायला कोणीही परत आत जाऊ नये.

पावसाळ्यात बिजागऱ्या गंजतात आणि लाकडी पल्ले फुगतात. पोळ्याच्या सुमारास एकदा आणि होळीच्या आधी एकदा जाळी पूर्ण उघडून बिजागऱ्यांना ग्रीस लावावे. रंग देताना कडी आणि बिजागरी कागदाने झाकून ठेवावी, कारण रंग वाळला की कडी जागीच चिकटते. फुगलेला पल्ला सुताराकडून त्याच आठवड्यात घासून घ्यावा.